किचनच्या कोपऱ्यातला आवाज

अंधाऱ्या हॉलमध्ये पद्माकरकाका खोकले आणि हृषीकेशच्या हातातली ढोकळ्याची प्लेट खाली पडली. पडणारच हो! काकांना जाऊन चार महिने झाले होते.

दिवे मालवून, पडदे ओढून त्यांना श्रद्धांजली चालली होती. भिंतीवर त्यांचा फोटो. तोच घोगरा खोकला पुन्हा आला, पाठीमागे बारीक पिप, पिप, आणि मग आवाज.

“नाव मागे घे. ऐक माझं.”

दिवे लागले तेव्हा काकांची मुलगी मयूरा भिंतीला टेकून उभी होती.

“हयातीत एकदा शाबास म्हणाले नाहीत,” ती म्हणाली. “आता गेल्यावरही नकोच म्हणतायत. मी नाव मागे घेते.”

पेंडल हिल ह्या उपनगरातली मराठी मंडळी त्या रविवारी दुपारी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीसाठी आपला एक उमेदवार ठरवत होती. पद्धत नीलाने आणलेली. ती अमेरिकेत, आयोवात राहून आलेली. तिथे पक्षाचे लोक असे जमायचे आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उघड उभे राहायचे. ज्याची माणसं कमी तो बाद, आणि त्याच्या माणसांनी दुसऱ्या फेरीत हवा तो कोपरा धरायचा. पहिल्या फेरीत धवल बाद झाला. उरले मयूरा आणि गुरुदत्त, आणि दुसऱ्या फेरीआधी ही श्रद्धांजली.

“चहा होईपर्यंत थांब,” चित्राताई मयूराला म्हणाली. हृषीकेशची ही मावसबहीण पॅरामॅटात डिटेक्टिव्ह एजन्सी चालवायची. “भुतं मला आवडतात. विम्याच्या केसेसपेक्षा बरी.”

मग ती हृषीकेशकडे वळली. “आवाज कुठून आला?”

“आमच्या मागून, किचनच्या कोपऱ्यातून. ताई, माझ्या मानेवर अजून काटा आहे.”

“तू गुरुदत्तच्या बाजूला?”

“त्याच्या गाडीतून आलो ना! दुसऱ्याच्या कोपऱ्यात कसा उभा राहू?”

“धन्य आहेस. आणि ती पिप-पिप?”

“ट्रक रिव्हर्स घेत असेल.”

ताईने पडदा सारला. बाहेर फक्त गाड्या उभ्या होत्या आणि शेजारच्या बागेत एक मॅगपाय पक्षी ओरडत होता.

साउंडवाला निनाद आधीच वैतागला होता. “माझ्याकडे नको बघूस, मेट. माइक कधीच बंद केला होता. वायर गुंडाळून पिशवीत टाकलीय.” पिशवी खरंच भरलेली होती.

नीला रडवेली झाली होती. “कोपरे मीच ठरवले. किचनचा मयूराला, खिडकीचा गुरुदत्तला. पण तिच्या बाजूच्या एकीचं बाळ प्रॅममध्ये झोपलेलं आणि किचनमध्ये भांड्यांची आदळआपट. म्हणून ऐनवेळी अदलाबदल केली, सगळ्यांसमोर. गुरुदत्त तेवढा कार पार्कमध्ये होता, गाडीतून खोके आणायला. आल्यावर केवढा चिडला! खिडकीचाच कोपरा हवा म्हणे.”

“ह्या थंडीत? खिडकीतून वारा येतोय तो?”

“तेच मी म्हटलं.”

गुरुदत्त किचनमध्ये सगळ्यांसाठी चहा करत होता. हृषीकेशला नवलच वाटलं. हा माणूस स्वतःचा कपसुद्धा कधी उचलत नाही!

“माझ्यावर संशय?” गुरुदत्त म्हणाला. “अगं, आवाज माझ्याच माणसांच्या डोक्यावर आला. घाबरली तीही माझीच माणसं.”

“खरंय,” म्हणत ताईने शांतपणे मयूराला विचारलं, “काका शेवटी घरीच होते?”

“नाही. हॉस्पिटलात. मशिनं लावलेली. फोनवर बोलायचे तेवढंच.”

ताईने सगळ्यांना मध्ये बोलावलं.

“ती पिप-पिप ट्रकची नव्हती, हॉस्पिटलच्या मशिनची होती. म्हणजे आवाज काकांचाच, पण फोनवर ठेवलेला निरोप. त्यात कुणाचं नाव नव्हतं. मयूराला उद्देशून आहे असं आपणच धरून चाललो.”

ताईने किचनच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

“तो निरोप कुणीतरी लपवलेल्या स्पीकरवर वाजवला. स्पीकर ठेवणाऱ्याला तो मयूराच्या कानाशी वाजायला हवा होता. मग किचनच्या कोपऱ्यात का? कारण आधी तो कोपरा तिचा होता. नीला, निनाद किंवा इथला कुणीही असता, तर अदलाबदल होताना स्पीकर हलवला असता. बाहेर एकच माणूस होता. परत येऊन त्याने कोपऱ्यावरून भांडण काढलं, ते चाललं नाही, आणि तरी मोह आवरला नाही. आता तो चहाच्या निमित्ताने स्पीकर काढायला बसलाय. निनाद, चहाच्या भांड्यामागे हात घाल.”

निनादने मुठीएवढा स्पीकर बाहेर काढला. बटण दाबताच गुरुदत्तच्या खिशातल्या फोनशी तो टिंग करून जोडला गेला.

गुरुदत्तने फोन खिशातून बाहेर काढला. “काकांनी मलाच फोन केला होता. मी उचलला नाही.”

“निरोप तुलाच होता तर,” मयूरा त्याच्यासमोर उभी राहिली. “पूर्ण लाव.”

“मयूरा, सॉरी. नको ना.”

“लाव म्हणते ना!”

पुन्हा तो खोकला. पुन्हा पिप, पिप. ह्या वेळी हॉलमध्ये लख्ख उजेड होता, तरी हृषीकेशने ताईचा हात धरला.

“नाव मागे घे. ऐक माझं. गुरुदत्त, यंदा मयूराला उभं राहू दे. माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं. तिला कधी बोललो नाही रे… बरा झालो की सांगेन.”

मयूरा तोंडावर पदर धरून रडली, अगदी लहान मुलीसारखी. मग डोळे पुसून ती खिडकीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

“नीला,” ती म्हणाली, “दुसरी फेरी सुरू कर.”

आता घरी जायला गुरुदत्तची गाडी मिळणार नव्हती. तरी हृषीकेश हॉल ओलांडून मयूराच्या कोपऱ्यात गेला.