रूबी काचेआडून विचारते

ही गोष्ट मी रंगवून सांगत नाहीये. खोटी वाटली तर खुशाल वाटू द्या. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगते.

घडलं ते रॅम्सक्लफमध्ये, लँकेशायरातल्या आमच्या गावात. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. गुरुवार. संध्याकाळचे पाच वाजले होते, पण आमच्याकडे नोव्हेंबरात पाचला रात्रच झालेली असते.

जागा म्हणजे क्रॉस्डेल मिल.

आता तिला मिल म्हणायचं नाही. आता ती 'लूम हाउस'. आत आलिशान फ्लॅट. चिमणी पाडली, भोंगा भंगारात गेला. ज्या खात्यात माझी आजी बहिरी झाली, तिथे आता लोक पैसे भरून जागच्या जागी धावतात. कोपऱ्यावरचं फिश अँड चिप्सचं दुकान जाऊन वाइन बार आला. त्याच्या भिंतीवर शोभेला आमच्याच आयाबायांचे फोटो लावलेत. खाली नाव एकीचंही नाही.

मला राग येतो. लपवत नाही.

मी लिनेट. माझी आयव्ही मावशी या मिलमध्ये पंधराव्या वर्षी मागावर उभी राहिली. आज ऐंशीच्या पुढे आहे, एकटी राहते, आणि डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

शेकडो माग एकदम चालू असले की शेजारचीचा आवाजही ऐकू येत नाही. म्हणून आमच्या विणकर बायका ओठांनी बोलायच्या. तोंड मोठं करून, भुवया उडवून, हात-मान हलवून. आवाज अजिबात नाही. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी नवऱ्याची चुगली करायची आणि ती पोट धरून हसायची. घरी आल्यावरही ही सवय जायची नाही. माझी आई आणि मावशी चर्चमध्ये पाद्र्यासमोर बसून अख्खं भांडण करायच्या आणि कोणाला पत्ता लागायचा नाही. मी त्यांच्यातच वाढले, म्हणून मलाही ते वाचता येतं.

आणि या भाषेची एक खोड आहे. कोणी ओठांनी काही विचारलं, की आपले ओठ उत्तर देऊन मोकळे होतात. डोकं नंतर जागं होतं.

हे लक्षात ठेवा.

तर… लूम हाउसचं उद्घाटन व्हायच्या महिनाभर आधी मी मावशीला घेऊन बाजारात निघाले होते. वाटेत मिल लागते. रस्त्याकडेची जुनी विटांची भिंत पाडून तिथे खालपासून वरपर्यंत काच बसवली होती. आत अंधार. व्यायामाची यंत्रं ओळीने उभी.

मावशी थांबली.

काचेकडे बघत राहिली. मग तिने झटकन पर्समधून रुमाल काढला आणि तोंडावर दाबला.

मला वाटलं, उलटी होतेय.

"काय गं, मळमळतंय का?"

"चल इथून," ती रुमालाआडून म्हणाली. "मला बोलायचं नाहीये तिच्याशी."

"कोणाशी?"

"रूबीशी. दुसरी कोण बसलीय माझ्याशी बोलायला."

मी काचेत पाहिलं. आत यंत्रं होती, अंधार होता.

आणि कोणी नव्हतं…

रूबी एंटविसल म्हणजे मावशीची जिवाभावाची मैत्रीण. एकोणिसाव्या वर्षी मिलमध्येच वारली. मागाच्या पट्ट्यात केस अडकून. गावात सगळ्यांना माहीत होतं की तिचीच चूक. भोंगा झाल्यावर मागाखाली शिरली म्हणे. चौकशीतही तेच लिहिलं गेलं. तिची आई पुढे कितीतरी वर्षं मान खाली घालून चालायची.

त्या दिवशी घरी आल्यावर मावशीने चहा केला, पण प्यायली नाही.

"ती विचारते, लिनेट. मिलजवळून गेलं की दर वेळी तेच. इंजिन कोणी चालू केलं?"

"तुला माहीत आहे?"

तिने कप बाजूला सारला. मग बोलली.

मालकांना मिनिटं चोरायची सवय होती. जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा व्हायच्या आधीच इंजिन सुरू करायचं. माग फिरायला लागले की बायका घास टाकून धावत येणारच. आणि माग साफ करायला वेगळा वेळ कोणी देत नसे, म्हणून पोरी त्याच सुट्टीत ब्रश घेऊन मागाखाली शिरायच्या. त्या दिवशी रूबी शिरली होती.

"मी खिडकीशी चहाचा डबा विसळत होते," मावशी म्हणाली. "छोट्या मालकाने अंगणातून इंजिनवाल्याला हात केला. रूपर्टने. भोंगा व्हायचा होता अजून. घड्याळ बघून हसला मेला."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"बाप मिलमध्ये. दोन्ही भाऊ मिलमध्ये. घर मिलचं. कोणाच्या जिवावर सांगणार होते?"

"मग आता सांग ना तिला. ती काय तुझी नोकरी घालवणार आहे?"

"गाढव आहेस. मागाखालून तिला तो दिसला नव्हता, म्हणून इतकी वर्षं तो सुखात आहे. मी नाव घेतलं की ती त्याला सोडायची नाही."

"मग सोडू नये," मी म्हणाले.

खरंच म्हणाले. मनापासून म्हणाले.

मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि कप सिंकमध्ये ओतून दिला.

उद्घाटनाचं बोलावणं आलं तेव्हा मला वाटलं, ती नाहीच म्हणेल. जुन्या विणकर बायका हव्या होत्या त्यांना. फोटोसाठी. मावशी म्हणाली, जाऊ. कपाटातला चांगला कोट काढला, केस सेट करून घेतले.

आणि रुमाल घेतला. आत शिरल्यापासून तो तिच्या तोंडावरच होता. सर्दी झालीय, असं सांगत होती सगळ्यांना.

त्या गुरुवारी आम्ही गेलो, तर आत जुन्या खात्याचा हॉल केला होता. मधोमध एक माग, काळा रंग देऊन, पॉलिश करून ठेवलेला. वर छताला जुन्या लोखंडी दांड्याचा एक तुकडा टांगलेला, त्याच्यावर चाक, आणि चाकावरून मागापर्यंत आलेला चामड्याचा पट्टा. सगळं शोभेचं. दांड्याची दोन्ही टोकं कापलेली होती. मी स्वतः पाहिलं. कशालाच जोडलेला नव्हता तो.

एका पोरीने मावशीच्या हातात कोरा एप्रन दिला.

"हा घाला ना आजी. जुन्या काळासारखं दिसेल."

"जुन्या काळी असला पांढरा असता तर मुकादमाने हाकलून दिलं असतं," मावशी रुमालाआडून म्हणाली. एप्रन तिने खुर्चीवर ठेवला आणि त्याच्यावर बसली.

मग रूपर्ट क्रॉस्डेल आला. पांढरेशुभ्र केस, गळ्यात रेशमी मफलर. वयाच्या मानाने ताठ. जमीन त्यानेच बिल्डरला विकली होती. मागावर एक हात टेकून तो बोलायला लागला. मिल म्हणजे कसं एक कुटुंब होतं, बायका कशा आनंदात असायच्या, वगैरे. नवे फ्लॅटवाले वाइन पीत माना डोलवत होते.

वर्तमानपत्राच्या एका मुलीने विचारलं, "तेव्हा अपघात व्हायचे का हो?"

"एकदाच," तो म्हणाला. "पोर बिचारी धांदरट होती. भोंगा झालेला, तरी मागाखाली शिरली. काय करणार? नियम पाळायलाच नकोत यांना."

आणि हसला.

मी मावशीकडे पाहिलं.

तिने रुमाल खाली घेतला होता. घडी घालून पर्समध्ये ठेवला. पर्सची चेन लावली.

ती क्रॉस्डेलकडे बघत नव्हती. त्याच्या मागे काच होती… काचेपलीकडे व्यायामशाळेचा अंधार. ती तिकडे बघत होती.

मग तिचे ओठ हलले. मोठे, स्पष्ट, सावकाश. मला शब्द न् शब्द वाचता आला.

"रूबी. हा बघ. हाच तो. भोंगा झालाच नव्हता."

आणि…

हॉलमधला आवाज गेला.

कमी नाही झाला. गेला. लोक बोलत होते, हसत होते, ग्लासवर ग्लास आपटत होते. तोंडं हलत होती. आणि ऐकू काही येत नव्हतं.

मग पायांना जाणवलं. फरशीतून वर येणारी थरथर. दातांपर्यंत आली. लहानपणी आईचा डबा द्यायला मी इथे यायचे, तेव्हा दारातच अशी थरथर लागायची.

माग चालू होते. सगळे.

मी वर पाहिलं.

दांडा फिरत होता…

कशालाच न जोडलेला तो दांडा फिरत होता. चाक फिरत होतं. पट्टा सरसर खाली येत होता. क्रॉस्डेल त्याच्याकडे पाठ करून उभा होता. मफलरचं टोक पट्ट्याला लागलं.

एकदाच झटका बसला. तो मागावर उताणा ओढला गेला.

तो ओरडला. तोंड पूर्ण उघडं होतं, गळ्याच्या शिरा तट्ट झाल्या होत्या. आवाज नाही. आजूबाजूचे लोक त्याच्याकडे पाठ करून वाइन पीत होते. मालकांना ओठांची भाषा कधी आली नाही, पण त्या क्षणी ती त्याला छान जमत होती. मी वाचली.

"थांबवा. थांबवा."

रूबीनेही हाच शब्द ओरडला असेल. तिचाही कोणी ऐकला नव्हता.

मी पुढे धावायला हवं होतं. मावशीने माझं मनगट धरलं होतं. घट्ट. पण खरं सांगू? धरलं नसतं तरी मी गेले असते की नाही, मला माहीत नाही.

मग आवाज एकदम परत आला. कोणीतरी किंचाळलं. तेव्हा सगळं संपलं होतं आणि पट्टा शांत लोंबकळत होता.

पोलिसांनी लिहिलं ते असं. वय झालेलं, तोल गेला, मफलर मागात अडकला, गळफास बसला. दांडा फिरताना कोणीच पाहिला नव्हता. मी पाहिला म्हटलं तर एका पोलिसाने मला पाणी आणून दिलं.

घरी येताना मावशी म्हणाली, "लिनेट, चिप्स घे गं. भूक लागलीय."

ती सगळे चिप्स खाऊन, बोटं पुसून, शांत झोपली. मी पहाटेपर्यंत टक्क जागी होते. वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत नाही, याचीच भीती वाटत होती.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

जानेवारीत एका दुपारी आम्ही दोघी मिलसमोरच्या थांब्यावर बसची वाट बघत होतो. बारीक बर्फ पडत होतं. मावशी रस्त्याकडे बघत होती. मी सहज मागे वळले.

काचेत कोणीतरी उभं होतं…

मुलगी होती. निळा एप्रन. डोक्याला रुमाल नव्हता. आणि एका बाजूला केसही नव्हते.

ती माझ्याकडे बघत होती. ओठ हलले. मोठे, स्पष्ट, सावकाश.

"तू आयव्हीची ना?"

मी हो म्हटलंसुद्धा. सांगितलं ना, डोकं नंतर जागं होतं.

ती हसली. चांगलं हसली. मग विचारलं,

"त्याने इंजिन चालू केलं, हे पाहून गप्प कोण बसलं?"

मी दोन्ही ओठ आत घेऊन दातांखाली दाबले. रक्ताची चव आली. एक शब्द सुटू दिला नाही.

पण आमच्या भाषेत नुसते ओठ नसतात.

माझी मान वळली. मी वळवली नाही, ती वळली. शेजारी उभ्या मावशीकडे.

क्षणभरच. लगेच मी काचेकडे पाहिलं.

रूबीने मान हलवली, समजलं अशी. मग आत अंधारात गेली.

तेवढ्यात बस आली. मावशी म्हणाली, "चल की, भूत पाहिल्यासारखी काय उभी आहेस?"

तिला मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. आता मी रोज तिच्याकडे जाते. घरात फिरणारं काही ठेवलेलं नाही. शिलाई मशीन काढून टाकलं, पंखा काढला. कपडे मी माझ्याकडे नेऊन धुते. मावशी म्हणते, लिनेटला वय झाल्यावर अक्कल यायची ती गेली.

गेल्या आठवड्यात चहा ओतता ओतता ती म्हणाली, "रूबी आता इथेही येते गं. मागच्या खिडकीत."

माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली.

"काय विचारते?"

"काही नाही. आता काहीच विचारत नाही. नुसती माझ्याकडे बघत उभी असते." मावशीने साखर ढवळली. "एकटी पडली असेल बिचारी. मी तिला कप दाखवते. ये म्हणते आत."

मी त्याच दिवशी त्या खिडकीला जाड पडदा लावून दिला.

दुसऱ्या दिवशी गेले, तर मावशीने तो काढून घडी घालून ठेवला होता आणि टेबलावर दोन कप मांडले होते.