उलटी हातगाडी

सीनाने सूपचा वाडगा बाबांपुढे ठेवला आणि पलीकडच्या किनाऱ्यावर भोंगा वाजला.

"जा," बाबा म्हणाले, "माणूस भिजतंय."

एकोणीस वर्षं हेच. भोंगा वाजला की हातातलं टाकून पळायचं, होडी काढायची, चार मिनिटांत पलीकडे, चार मिनिटांत परत... अख्ख्या बेटाला तिने बाहेर सोडलं, तिला मात्र कुणी सोडलं नाही. खाणीतल्या पाटीच्या दगडाची धूळ बाबांच्या छातीत बसली, होडी तिच्या गळ्यात पडली. भाऊ रॉरी वर्षभरासाठी म्हणून ग्लासगोला गेला, तो गेलाच.

धक्क्यावर घराघरांच्या एकचाकी हातगाड्या. बेटावर मोटार नाही, सामान त्यांतूनच. माणूस बाहेर गेलं की घरच्यांनी त्याची गाडी उलटी घालायची, आत पाणी साचू नये म्हणून. म्हणजे हा परत येणार आहे, आम्ही वाट बघतोय. रॉरीची गाडी एकोणीस वर्षं उलटी होती, आणि छाती साथ देत होती तोवर बाबा दर उन्हाळ्यात तिला रंग द्यायचे. सीनाची एकदाही उलटी झाली नव्हती. त्या रंगाच्या डब्याचा तिला भयंकर राग यायचा.

पलीकडे रॉरीच उभा होता. टक्कल पडलेलं, हातात एक पिशवी.

"पत्र मिळालं," तो म्हणाला. ओबन बंदरातल्या जहाजावर स्वयंपाकिणीची जागा मिळालीय, सोमवारी गेले नाही तर गेली, एवढंच तिने लिहिलं होतं.

"आता आठवण झाली?"

"शिव्या नंतर घाल, ताई. आत बस, होडी मी नेतो."

"धक्क्यावर आपटशील."

आपटलीच. तिला हसू आलं, मग रडू...

बाबांनी रॉरीचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. मग सीनाची बांधलेली बॅग दिसली आणि ते भिंतीकडे वळले.

"बाबा, सुट्टीला येईन मी."

"सूप गार झालं," एवढंच.

सोमवारी सकाळी ती निघाली तेव्हाही ते भिंतीकडेच तोंड करून होते. होडी सुटली. सीनाने मागे बघायचं नाही ठरवलं होतं, तरी बघितलं. दोन वर्षं उंबरा न ओलांडलेले बाबा काठी टेकत, दर चार पावलांना थांबत धक्क्यावर येत होते. ते तिच्या गाडीपाशी थांबले. एकदा जोर लावला, खोकले... पुन्हा लावला. तिसऱ्यांदा गाडी पालथी झाली. मग मनगटाला अडकवलेला रंगाचा डबा त्यांनी खाली ठेवला.

"ताई, वळवू का?" रॉरीने विचारलं.

तिला समोरचं काही दिसत नव्हतं.

"नको," ती म्हणाली, "चालव."