वेढ्यातले सातवे नाणे

गुरुवार, १२ मे १९३२. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. सोलापूर, शुक्रवार पेठ. डबीत चांदीची नाणी सहा.

जे घडले तेवढेच लिहितो. एकही शब्द पदरचा नाही.

महिन्यापूर्वी नाणी सात होती. चौकोनी, ओबडधोबड. माझ्या खापरपणजोबांना पगारात मिळालेली. त्यांच्या किल्ल्याला वेढा पडला, खजिना संपला, तेव्हा किल्लेदाराने घरोघरची चांदी मागवली आणि ती कापून, ठसा मारून शिपायांना वाटली. वेढा उठला की ज्याचे त्याला परत, असा बायकांना शब्द दिला होता.

तो कोणी पाळला नाही.

एका नाण्याच्या कडेला बारीक वेलबुट्टी उरली होती. वाळे घडवायला नेले तेव्हा मल्लिकार्जुन सोनाराने ते तळहातावर घेतले आणि कडेवरून बोट फिरवले.

"मास्तर, हे लेकराच्या वाळ्याचं हाय. आटवू नका की."

मी हसलो. आटवल्यावर चांदी ती चांदीच, असे त्याला समजावले. त्याच नाण्याचे घुंगरांचे वाळे माझ्या अकरा महिन्यांच्या प्रेमलेच्या पायात घातले.

त्या दुपारी प्रेमला पाळण्यात झोपली होती. दाराकडे पाठ करून मी गिरणीतल्या यंत्राचा नकाशा काढत होतो. पत्नी पद्मजा स्वयंपाकघरात होती.

दाराशी बाईचा आवाज आला... फार दमलेला.

"बाई, माजं न्यायला आले. नेऊ का?"

पद्मजेला वाटले, दूधवाली सिद्धम्मा. तिची चरवी सकाळी पाळण्यापाशी राहिली होती.

"घेऊन जा की. पाळण्यापाशीच आहे," ती आतूनच म्हणाली.

घुंगरू वाजले...

लहान पावले. दाराकडे जाणारी. मला मोजण्याची सवय. अकरा भरली.

प्रेमला अजून चालत नव्हती.

हे मला बाराव्या पावलाला आठवले असते... बारावे वाजलेच नाही.

मी वळलो. दारात नुसते ऊन होते. चरवी जागच्या जागी होती. प्रेमलाही पाळण्यातच होती. अंग ऊबदार. पाय मोकळे.

श्वास नव्हता.

डॉक्टरांना कारण सापडले नाही. सिद्धम्मा चरवी न्यायला पाच वाजता आली. दुपारी आपण आलोच नव्हतो, म्हणाली.

त्यानंतर पद्मजा कोणालाही 'घेऊन जा' म्हणाली नाही. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तरी स्वतः उठते, हातात देते. मी पाठमोरा बसून पावले मोजत होतो, हे तिला आजवर सांगितलेले नाही.

आठवड्याने डबी उघडली. एका नाण्याच्या कडेला तीच वेलबुट्टी होती...

पुन्हा मोजली.

नाणी सात.