केशवला विचारणारी बाई

नारायण पेठेतला डॉक्टर श्रीनिवासांचा डोळ्यांचा दवाखाना दुपारी एक ते चार बंद असतो. एरवी त्या वेळेला आबेदा तिकडे फिरकलीही नसती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीबिंदूची तीन ऑपरेशनं होती आणि हत्यारांचे डबे लावायचे राहिले होते. म्हणून जेवण आटोपून ती बिबवेवाडीहून निघाली. मे महिन्याची दुपार. पेठेत कुत्रंसुद्धा जागं नव्हतं.

बारा वर्षं ती इथे नर्स होती. डॉक्टर दर वर्षी दहा दिवस परदेशात मोफत शिबिर घ्यायचे; यंदा पहिल्यांदाच त्यांनी तिला बरोबर नेलं होतं. टांझानियातलं, सरोवराकाठचं एक गाव. शाळेच्या वर्गात ऑपरेशनं. घरात पासपोर्ट काढणारी ती पहिलीच; अब्बांनी गल्लीत पेढे वाटले होते.

तिथे एक म्हातारी होती. सगळे तिला बीबी म्हणत. तिकडे आजीला बीबीच म्हणतात. तेवढ्यानेच ती आबेदाला आपली वाटली. शेवटच्या दिवशी तिची पट्टी सोडली, तर डोळ्यात पू. म्हातारी कण्हत होती. आबेदा धावत डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, जिल्ह्याच्या इस्पितळात फोन केलाय, उद्या सकाळी गाडी येऊन तिला घेऊन जाईल. उद्याला तिकडे 'केशो' म्हणतात, एवढं आबेदा शिकली होती. तिने म्हातारीचा हात हातात घेतला.

"केशो," ती म्हणाली.

"केशो?" म्हातारीने विचारलं.

"केशो."

पहाटे मंडळी विमानतळाकडे निघाली तेव्हा म्हातारी शाळेच्या पायरीवर येऊन बसली होती, रस्त्याकडे तोंड करून.

त्याला आता महिना झाला होता.

दवाखान्याच्या दारात मथुरामावशी डबा खात बसल्या होत्या. झाडलोट, दार, पेशंटचे नंबर, सगळं त्यांच्याकडे. मान वर न करता त्या म्हणाल्या, "वरती एक बाई येऊन बसलीय. डोळ्याला पट्टी. आपल्याकडची दिसत नाही. केशवला विचारतेय सारखी. म्हटलं, इथे केशव नाहीत, श्रीनिवास आहेत, आणि तेही चारनंतर."

आबेदाचा हात कठड्यावरच राहिला. "केशव... म्हणाली?"

"केशव म्हणा, केशो म्हणा. दुपारी इथे कुणीच चालत नाही."

जिन्यात फिनाईलच्या वासाखाली दुसराच वास होता. ओल्या चिखलाचा, वाळत घातलेल्या मासळीचा. वरचं बाक रिकामं होतं. तिने हात लावून पाहिला. एवढ्या उन्हाळ्यात ते गार आणि दमट लागलं.

केबिनमध्ये पंखा फिरत होता. डॉक्टर घरी गेले नव्हते. पुढच्या शिबिराचं पत्रक तपासत बसले होते. त्या म्हातारीसाठी तुम्ही फोन केला होता ना, असं तिने विचारलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"गेली ती. मागच्या आठवड्यात मेल आला."

मग त्यांनी शांतपणे सांगितलं की फोन वगैरे काही केला नव्हता. बिघडलेली केस सरकारी कागदावर गेली असती, तर पुन्हा परवानगी मिळाली नसती. "तुम्ही रडायला आला होतात, सिस्टर. काहीतरी सांगणं भाग होतं."

आबेदाला आधी राग आला नाही. बारा वर्षं याच माणसाच्या शब्दावर तिने पेशंटना धीर दिला होता. दुखणार नाही. नीट दिसेल. घाबरू नका. त्यातलं खरं किती होतं, तिला आता सांगता येईना.

"तुमचं खोटं तिने माझ्या तोंडून ऐकलं, सर," ती हलकेच म्हणाली.

तेवढ्यात पेशंटची रिकामी खुर्ची कुरकुरली आणि कुणी सावकाश टेकावं तशी बोटभर खाली गेली. डॉक्टरांनी पाहिलं. पत्रक त्यांच्या हातून सुटलं.

"सिस्टर... थांबा..."

ती थांबली नाही.

खाली मथुरामावशी डबा विसळत होत्या. आबेदाने उद्यापासून येणार नाही एवढंच सांगितलं. मग राहवेना, म्हणून म्हणाली की वर ती बाई काही दिसली नाही.

"असेल तिथेच," मावशी म्हणाल्या. "आणि बाकीचे?"

"बाकीचे... कोण?"

"जिनाभर बसलेत की, पट्ट्या बांधून. आत्ता त्यांच्यातूनच तर उतरलात तुम्ही. बोलत होती ती एकटीच."