ओरखड्याची चव

कुळथाचे शेंगोळे ताटात वाढून झाले, तरी कुमुद लगेच जेवायला बसत नसे. आधी ती कानामागे करंगळीएवढी पट्टी चिकटवायची, मग रेकॉर्डप्लेअरची सुई तबकडीच्या कडेवर अलगद टेकवायची. नाट्यपदाचे पहिले सूर निघाले की घास तोंडात. त्याआधी खाल्लेला घास म्हणजे ओल्या पुठ्ठ्याचा लगदा.

तापाची साथ येऊन गेल्यापासून तासगावात अशी घरं गल्लोगल्ली होती. ताप उतरला, पण चव परत आली नाही. माणसं जेवण टाळू लागली, वाळत गेली. त्यावर मिरजेच्या एका प्रयोगशाळेत डॉ. तबस्सुम सतारमेकर यांना उपाय सापडला. लहानपणी एखादा पदार्थ खाताना घरात जे गाणं हमखास वाजायचं, ते गाणं आणि ती चव मेंदूत एकमेकांना बिलगून बसलेली असतात. गाण्याचं कंपन कानामागच्या पट्टीनं जबड्याच्या हाडातून पोचवलं, की चवही जागी होते. डॉक्टर याला ‘नादरुची’ म्हणत. मोबाइलमधलं गाणं मात्र चालत नसे. घरातली तीच तबकडी लागे, तिच्या खरखरीसकट. कारण सुईची कानाला न ऐकू येणारी बारीक थरथरच मेंदूच्या ओळखीची असते. आणि दर वेळी सुई फिरली की तबकडी आणखी थोडी झिजे.

म्हणून कुमुद ती दिवसातून एकदाच लावायची. एक दिवस सतारमेकर बाईंचा फोन आला.

“कुमुदताई, तुमची धाकटी बहीण मालन जतहून माझ्याकडे आली होती. फार खंगल्यात हो त्या. पुष्कळ तबकड्या लावून पाहिल्या, कशानंच चव उठत नाही. त्या म्हणतात, तुमच्याकडे एक आहे.”

“ती झिजत आलीय, डॉक्टर.”

“कल्पना आहे मला. मी सक्ती नाही करणार. पण त्यांचं वजन असंच उतरत राहिलं, तर अवघड आहे.”

वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, शेवटच्या आजारपणात मालन एकदाही फिरकली नव्हती. तेराव्यालाही आली नाही. तेव्हापासून दोघी बहिणींचं बोलणं बंद होतं. फोन ठेवल्यावर कुमुदला घरात कुठं बसवेना. तिनं खोक्यातली दुसरीच एक तबकडी काढून कागदात गुंडाळली. ही पाठवली तर कुणाला कळणार आहे? मग स्वतःचीच लाज वाटून तिनं कागद फाडला आणि जतला फोन लावला.

“ये तू. पण तबकडी या घरातनं हलणार नाही.”

मालन आली, तेव्हा कुमुदनं तिला दारात क्षणभर ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, बांगड्या पार कोपराकडं घसरत होत्या. कुमुदनं पीठ भिजवलं. मालननं न सांगता लसूण सोलायला घेतला आणि मग दोघींनी मिळून शेंगोळे वळले. रस्सा उकळला, ताटं वाढली, पट्ट्या लागल्या. सुई टेकली.

पहिल्या घासाला मालनचे डोळे भरून आले.

“कळतंय का काही?” कुमुदनं विचारलं.

“कुळीथ,” मालन म्हणाली. “आईच्या हातचा.”

ती अधाशासारखी खाऊ लागली. कुमुदला बरं वाटलं, आणि तबकडी झिजतेय म्हणून जीव खालीवरही झाला. तेवढ्यात पदाच्या मधोमध सुई ओरखड्यावर आली. टक्. टक्. प्रत्येक फेऱ्याला एकदा. कुमुदला इथंच चव सगळ्यात जास्त खुलायची, म्हणून ती इथं सावकाश चावायची. मालनचा घास मात्र तोंडातच थांबला.

“काय झालं?”

“तुला इथं काय लागतं, अक्का?”

“लसूण. फोडणीतला, खमंग. का गं?”

“मला करपलेलं लागतंय.” मालननं ताट बाजूला सारलं नाही, पण हात मागे घेतला. “हा ओरखडा कशानं पडला, माहिताय तुला?”

“मांजरानं उडी मारली होती. आईनंच सांगितलं मला.”

“तू सांगलीला होतीस तेव्हा, नर्सिंगच्या होस्टेलवर. आबांनी चुलीवरचं पातेलं आईच्या अंगावर भिरकावलं. निम्मं चुलीतच सांडून करपत होतं. मी मध्ये पडले, तर मला ढकललं. मी या वाजत्या रेकॉर्डवर जाऊन आदळले.”

कुमुदला आईच्या हातावरचा पांढरा डाग आठवला. गरम तेल उडालं, असं आई सांगायची.

“बोलली का नाहीस कधी?”

“तू आबांचं सगळं केलंस. तुला काय सांगू?”

कुमुद सुई उचलायला उठली. मालननं तिचं मनगट धरलं.

“राहू दे, अक्का. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तोंडाला काहीतरी लागतंय. करपलेलं तर करपलेलं. तू बस. खा.”

कुमुद बसली. तिनं घास घेतला आणि जपून चावत राहिली. सुई पुन्हा ओरखड्यावरून गेली. टक्. रोजचा लसूण आला का? की त्याच्यामागून दुसरंच काही जिभेवर चढत होतं? तिला ठरवता येईना. मालन तिच्याकडंच बघत होती.

“अक्का, आता काय लागतंय?”