पाहण्याची मुभा

बसा, सांगतो. हे मी घरीसुद्धा कोणाला बोललो नाही.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. मेहकरला एका कचेरीत मी रेकॉर्ड सांभाळायचो. खोलीच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली होती, कागदांचा कोणता बस्ता कोणी पाहायचा आणि नक्कल कोणी न्यायची याची. यादी जुन्या राज्यातली. नवी येईपर्यंत हीच चालवा, असा हुकूम. मेलेल्यांची नावंही कोणी खोडली नव्हती. आणि मी नियमाचा पक्का. त्याचा तोरा होता मला, खोटं कशाला बोलू.

एका शनिवारी दुपारी बीबी गावच्या मनकर्णाबाई आल्या. त्यांची ती तिसरी खेप. त्यांच्या नवऱ्याने, उकंडरावांनी, मरण्याआधी जबाब लिहून दिला होता की विहिरीजवळचं वावर बायकोचं. दीर ते मानत नव्हता. सोमवारी बारा वाजता कोर्टात तारीख होती आणि तो कागद माझ्या बस्त्यात होता.

"साहेब, पाहू तरी द्या."

"तुमचं नाव यादीत नाही, बाई. उकंडरावायचं आहे."

"ते जाऊन पाच वर्सं झाली..."

उन्हानं मी आधीच कावलो होतो. म्हणालो, "मंग त्यायलेच पाठवा."

बाई रडल्या नाहीत. पदर सारखा केला, "बरं. पाठवतो मंग," म्हणाल्या आणि गेल्या.

सोमवारी कचेरी उघडली तेव्हा एक म्हातारा दाराशी उभा होता. चैताचं ऊन, तरी अंगावर घामाचा थेंब नाही. गोवरीच्या धुराचा वास मात्र येत होता.

"बस्ता पाह्याचा होता..."

"नाव?"

"उकंडराव. बीबी."

सवयीने बोट यादीवर फिरलं. नाव होतं. मी बस्ता काढला, रजिस्टरात त्यांचा अंगठा घेतला. वाचता येत नाही म्हणाले, म्हणून जबाब मीच वाचायला लागलो. 'माझी बायको मनकर्णा' इथवर आलो आणि शनिवारचं माझंच बोलणं आठवलं. वर पाहायचा धीर होईना.

"तिले नक्कल द्या," ते हळूच म्हणाले. "लय चालली बिचारी..."

मान वर केली तेव्हा समोर कोणी नव्हतं.

नक्कल उतरवली आणि कोर्टाकडे धावलो. शिपायाने मनकर्णाबाईंचा तीनदा पुकारा केला. कोणी उठलं नाही. शेवटी त्यांची शेजारीण तानुबाई पुढे आली.

"मनकर्णा शनवारीच गेली, साहेब. कचेरीतून आली, ओट्यावर बसली. म्हने, त्यायले बोलवाले जातो. मंग उठलीच नाही..."

वावर दिराकडे गेलं. नक्कल माझ्या खिशातच राहिली. एक पान दाखवायला माझं काय जात होतं? तेव्हापासून हेच विचारतो आहे स्वतःला.

त्या संध्याकाळी मी उकंडरावांच्या नावाखाली स्वतःच्या हाताने मनकर्णाबाईंचं नाव लिहिलं. कोणाला विचारलं नाही. उभ्या नोकरीत तेवढा एकच नियम मोडला. मग कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावून घरी गेलो.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. आत टेबलावर बस्ता सुटलेला होता, जबाबाचं पान वर. रजिस्टरात उकंडरावांच्या अंगठ्याखाली दुसरा एक लहान अंगठा उमटला होता. त्याची शाई अजून ओली होती.