आकड्याच्या आधी

जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेच्या खोलीत शेवाळाच्या बारा डब्या होत्या, एक मोजणी यंत्र, एक स्टूल आणि अंधारात बसलेली मुक्ता. मोजण्याआधी शेवाळाला वीस मिनिटं पूर्ण काळोख लागतो. अठराव्या मिनिटाला कुणीतरी दार उघडलं आणि उजेड भसकन आत आला.

"मेल्या, वाट लावलीस," मुक्ता पुटपुटली.

"सॉरी… माहीत नव्हतं," दारातून चक्क मराठीत उत्तर आलं. तो मल्हार, या डब्या अंतराळात नेणारी पेटी बनवणारा इंजिनिअर.

"आता वीस मिनिटं इथेच बसायचं. शिक्षा."

"गेनाऊ, अगदी बरोबर. दार लावू?"

तेव्हापासून आखनमधल्या त्या खोलीत तो दर मोजणीला शिक्षा भोगायला येऊ लागला. तिच्या जॅकेटची चेन वाजली, की तो अंदाजाने दोन बोटं जवळ सरकायचा. तिला कळायचं. ती सरकायची नाही.

मार्चमध्ये सहा डब्या एका खासगी कंपनीच्या मालवाहू यानातून अंतराळस्थानकाकडे निघाल्या. सहा तुलनेसाठी खाली राहिल्या. यान पोचलंच नाही. इंजिन बंद पडलं आणि ते वातावरणात जळून गेलं. पुढच्या यानात जागा होती, उरलेल्या सहा पाठवता आल्या असत्या. पण ईस्टरच्या सुट्टीत त्या ठेवलेल्या कपाटाचं कूलिंग बिघडलं आणि शेवाळ तापलं.

प्राध्यापक म्हणाले, "शेवाळ कितपत तगलंय ते मोजा. ०.७ च्या वर आलं तर पाठवू." खाली आलं तर प्रकल्प बंद, मुक्ताचा फेरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, संपला, पाठोपाठ व्हिसा, आणि महिनाअखेर परत नाशिक.

दोघं अंधारात बसले.

"घाबरलीयस?"

"नाही. हात गार पडलेत, एवढंच."

"आण इकडे."

तिने दिले. त्याने ते आपल्या हातांत धरले.

"मुक्ता, एक सांगायचंय… आकडा यायच्या आत."

"का? आकडा काय पळून जाणार आहे?"

"चांगला आला तर तुला वाटेल, आनंदाच्या भरात बोललो. वाईट आला तर वाटेल, कीव आली. म्हणून आत्ताच… मला तू हवी आहेस. इथे, नाशिकला, कुठेही."

"तोंड दिसत नसलं की बरा धीर येतो तुला."

"येतो."

"मग माझंही ऐक. मलाही… तूच हवा आहेस." ती थांबली. "पण मला जावं लागलं, तर नोकरी सोडून मागे यायचं नाही. ते मला आयुष्यभर टोचेल."

"त्यावर आपण नंतर भांडू."

टायमर वाजला. मुक्ताने हात सोडवून घेतला आणि बटण दाबलं. पडद्यावर सहा डब्यांची सरासरी उमटली.

०.३१.